विषय: लेकीला घरी विज्ञान शिकवायचंय, साहित्य कुठलं घ्यावं?

प्रेषक: अश्विनी

नमस्कार मंडळी,

येत्या सप्टेंबरपासून लेकीला घरीच शिकवायचं आम्ही ठरवलंय. ती आता सहावीत जाईल. गणित आणि इंग्रजीची सोय लागली, पण विज्ञानाशी गाडी अडलीय. दर महिन्याला घरी येणारं एक किट आहे. एका मैत्रिणीने पुस्तकांचा मोठा संच सुचवलाय, तो साडेतीनशे डॉलरचा. आणि फुकट मिळणारं एवढं आहे की बघता बघता रात्रीचे दोन वाजतात. आम्ही दोघंही कॉमर्सवाले, त्यामुळे यातलं चांगलं कुठलं तेच कळत नाही. न्यू जर्सीत सरकारकडे काही दाखल करावं लागतं का, हेही कुणी सांगावं. वैशालीताई, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता, तुमच्या उत्तराची वाट बघतेय.

अश्विनी

---

प्रेषक: वैशाली

अश्विनी,

आधी कायद्याचं सांगते, ते लगेच संपतं. न्यू जर्सीत घरी शिकवायला परवानगी लागत नाही, अभ्यासक्रम मंजूर करून घ्यावा लागत नाही आणि परीक्षाही द्यावी लागत नाही. सरकारी शाळेतून काढताना मात्र शाळेला लेखी कळव, नाहीतर नुसतीच गैरहजेरी लागत राहील. आपल्या या ईमेल यादीवर नदीपलीकडचे, पेनसिल्व्हेनियातले लोकही आहेत, त्यांनी हे वाचून निर्धास्त होऊ नये. तिथे दरवर्षी प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, कामाची फाइल ठेवावी लागते आणि वर्षअखेर मूल्यमापन करून घ्यावं लागतं.

आता साहित्याबद्दल. पैसे भरायच्या आधी नमुन्याचा एक धडा मागव आणि एकच गोष्ट तपास. हात घालायच्या आधी मुलीला "काय होईल असं वाटतं?" असं विचारलंय का? आणि विचारलंच असेल, तर उत्तर पुढच्या ओळीत छापून टाकलंय का? मी गेली बरीच वर्षं सहावी ते आठवीला शिकवते आणि माझ्या वर्गासाठी घेतलेलं बरंचसं साहित्य याच एका प्रश्नावर नापास झालं. सगळं मापून पुड्यांत दिलेलं, पायऱ्या क्रमाने लिहिलेल्या, शेवटी काय दिसेल त्याचं चित्र पेटीवरच. मुलं खूश होतात, पण त्या तासात त्यांनी केलेला असतो तो स्वयंपाक, पाककृती वाचून.

खायचा सोडा आणि व्हिनेगर यांचा 'ज्वालामुखी' सगळ्यांनीच केलेला असतो. त्याचा खऱ्या ज्वालामुखीशी काहीही संबंध नाही. पण त्याच दोन वस्तू नीट वापरल्या तर दोन आठवडे पुरतात. १०० मिली व्हिनेगर आणि ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा सोडा घे. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घे, महाग नसतो. आधी दोन्ही वेगवेगळं पण एकत्र काट्यावर ठेवून वजन घ्यायचं. मग उघड्या ग्लासात मिसळायचं. वजन दोनेक ग्रॅमने उतरतं. का? वायू उडून गेला, हे मुली स्वतःच सांगतात. मग सोडा फुग्यात भरायचा, फुगा बाटलीच्या तोंडावर चढवायचा आणि उलटा करायचा. आता वायू अडकला. वजन किती होईल? वर्गात सगळे म्हणतात, तेवढंच राहील. शिक्षकांच्या पुस्तकातही बहुतेक वेळा तेच लिहिलेलं असतं. काटा मात्र दीडेक ग्रॅमने खाली येतो.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा फुगा गळतोय असं म्हणून मी विषय मिटवला. तो माझ्या हातून झालेला अन्याय होता, कारण एका मुलीने साबणाचं पाणी लावून फुगा गळत नाही हे मला दाखवलं होतं. खरं कारण असं की फुगलेला फुगा आजूबाजूची हवा बाजूला सारतो आणि ती हवा त्याला वर उचलते, पाण्यात आपण हलके होतो तसं. एक लिटर हवेचं वजन सुमारे १.२ ग्रॅम असतं, तेवढं काट्यावरून कमी होतं. पटवायचं असेल तर कोकसारख्या पेयाची २ लिटरची रिकामी प्लॅस्टिकची बाटली घे, तिच्यात व्हिनेगर ओत, अर्धाच चमचा खायचा सोडा कागदी रुमालात गुंडाळून आत टाक आणि झाकण लगेच घट्ट लाव. बाटलीचा आकार बदलत नाही, त्यामुळे वजनही बदलत नाही. काचेची बाटली अजिबात वापरायची नाही आणि सोडा अर्ध्या चमच्याहून जास्त घ्यायचा नाही. कारण तुला सांगितलं, लेकीला लगेच सांगू नकोस. तिचं ऐकून घे.

वर्गाचं साहित्य घरी आणताना एक अडचण येते, ती कुणी सांगत नाही. ओपनसायएड या संस्थेचा सहावी ते आठवीचा विज्ञानाचा अभ्यासक्रम पूर्ण फुकट आहे आणि मला मनापासून आवडतो. सातवीतला रसायनाचा भाग आंघोळीच्या पाण्यात फसफसणाऱ्या गोळीपासून सुरू होतो, व्याख्येपासून नाही. पण तो भरलेल्या वर्गासाठी लिहिलेला आहे. त्याचं सगळं बळ मुलांच्या आपापसातल्या वादात आहे. घरात लेक एकटी. आई म्हणेल ते तिला खरं वाटणार, नाहीतर आईशी वाद घालायचा म्हणून ती घालणार, आणि दोन्हींतून विज्ञान शिकून होत नाही. त्यासाठी तिच्या वयाची दोन-तीन मुलं आठवड्यातून एकदा तरी हवीत. उलटही तेवढंच खरं: घरासाठी बनवलेलं किट मी वर्गात नेलं तेव्हा एका पेटीत चार मुलं, दोन हात लावणार आणि दोन बघणार.

तो साडेतीनशेचा संच घेण्याआधी पृथ्वीचं वय आणि उत्क्रांती हे दोन विषय त्यात उघडून बघ. घरी शिकवणाऱ्यांसाठीची विज्ञानाची पुष्कळ पुस्तकं इथे धार्मिक भूमिकेतून लिहिलेली असतात आणि त्यांतल्या काहींत पृथ्वी काही हजार वर्षांची असते. ती आहे सुमारे ४५४ कोटी वर्षांची. मुखपृष्ठावरून हे कळत नाही. तसंच पेटीवर 'एनजीएसएसनुसार' असं लिहिलेलं असतं, तो दावा विकणाऱ्याचाच असतो. एनजीएसएस म्हणजे शाळेत विज्ञान काय शिकवावं याचे २०१३चे मानक, ते आपल्या राज्यानेही घेतले आहेत. लेक पुढेमागे शाळेत परतणार असेल तर आठवीत विज्ञानाची राज्य परीक्षा आहे, एवढं ध्यानात ठेव.

विजेच्या मंडलासाठी फेट या प्रकल्पाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करायचे प्रयोग, वापर. कोलोरॅडो विद्यापीठात २००२मध्ये कार्ल वीमन यांनी हे काम सुरू केलं, फुकट आहेत आणि बरीच मराठीतही आहेत. पण आधी खरा सेल, खरा बल्ब आणि एकच तार हातात दे. बल्ब पेटेपर्यंत जी धडपड होते ती पडद्यावर होत नाही.

आणि एक साधी वही. डावीकडे आधीचा अंदाज, उजवीकडे झालं ते. चुकलेला अंदाज खोडायचा नाही.

वैशाली

---

प्रेषक: शरद

चि. अश्विनी,

वैशालीने लिहिलंय त्यात थोडी भर घालतो. अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंतून केलेली खेळणी बघ. नेटवर सगळं मोफत आहे. मी शनिवारच्या मराठी शाळेत मुलांकडून त्यातली मोटर करून घेतो. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक रबर, एक चुंबक आणि एनॅमलच्या तांब्याच्या तारेची दहा वेढ्यांची गुंडाळी.

ती पहिल्या झटक्यात फिरत नाही, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. मुलं तारेच्या दोन्ही टोकांचं एनॅमल चहूबाजूंनी खरवडतात. मग गुंडाळी नुसती थरथरते. एक टोक पूर्ण खरवडायचं, दुसरं फक्त अर्ध्या बाजूने. वीज सतत राहिली तर अर्ध्या फेरीनंतर गुंडाळी उलटी ओढली जाते. अर्धी फेरी वीज तुटली तर ती आपल्याच वेगाने पुढे निघून जाते. हे एका मुलाला स्वतःहून सापडायला आमचे तीन शनिवार गेले. मी मधे बोललो नाही, फार कठीण गेलं.

तुझ्या मुलीला शनिवारी पाठव. आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची प्राथमिक विज्ञानाची पुस्तकं तिला लहान वाटतील, पण तू वाच. प्रश्न कसा विचारायचा ते त्यातून कळतं.

शरदकाका

---

प्रेषक: अश्विनी

वैशालीताई, शरदकाका,

मनापासून आभार. संच घेतला नाही. त्यांनी पाठवलेल्या नमुन्यात पृथ्वीच्या वयाचं पानच नव्हतं, विचारल्यावर सरळ उत्तर आलं नाही. किट तीन महिन्यांपुरतं घेतलंय, पायऱ्यांचा कागद मी आधीच काढून ठेवते.

काल रात्री फुग्याचा प्रयोग केला. काटा १.४ ग्रॅमने उतरला. लेक आधी "फुगा गळतोय" म्हणाली, साबण लावून बघितलं, मग गप्प बसली. मी काही बोलले नाही. झोपायच्या वेळी येऊन म्हणाली, "आई, फुगा मोठा झाला म्हणून तर नाही ना? मग नुसती हवा भरून वजन करू या." वहीत डावीकडे तिने लिहिलंय: 'पंपाने हवा भरलेला फुगा रिकाम्या फुग्यापेक्षा हलका असेल.' आज दुपारी बघणार आहोत. तिचा अंदाज चुकेल असं मला वाटतंय, पण का ते मला अजून धड सांगता येत नाही. ताई, रात्री फोन करू का?

शनिवारी मराठी शाळेनंतर साडेबाराला आम्ही तिथेच थांबणार आहोत. दोन घरांनी येतो म्हणून कळवलंय. आणखी कुणी सहावी-सातवीतलं येणार असेल तर कोकसारख्या पेयाची २ लिटरची रिकामी प्लॅस्टिकची बाटली झाकणासकट आणा.

अश्विनी