बरणीतले जठर: साधा व्रण की कर्करोग?

प्रश्न
विकृतिशास्त्राच्या (रोगाने शरीरात होणाऱ्या बदलांच्या शास्त्राच्या) संग्रहालयातील एका नमुन्याविषयी विचारायचे आहे. बृहद्वक्राच्या (जठराच्या लांब, बाहेरच्या वक्र कडेच्या) बाजूने उघडलेले जठर बरणीत पसरून लावले आहे, पण चिठ्ठीवरची शाई उडाल्यामुळे ‘जठर’ एवढेच वाचता येते. लघुवक्रावर (आतल्या, आखूड वक्र कडेवर) नखाएवढा खड्डा असून त्याच्या तळाशी काळे ठिपके आहेत. त्या काळेपणावरून माझा मित्र कर्करोग म्हणतो. मला साधा व्रण (अल्सर) वाटतो. नुसत्या डोळ्यांनी हे ठरवता येते का?

प्रतिसाद १
रंगावर जाऊ नका. जठरातील आम्लामुळे सांडलेले रक्त काळे पडते, त्यामुळे असे ठिपके दोन्हींत दिसू शकतात. पाहायची ती कड. जुन्या साध्या व्रणाची कड कागदाला पंचने भोक पाडावे तशी सरळ तुटलेली असते, आणि तळातील तंतुमय ऊती आकसताना भोवतालचे अस्तर ओढून घेत असल्यामुळे त्याच्या वळ्या चाकाच्या आऱ्यांसारख्या थेट कडेपर्यंत येतात. कर्करोगात कड बहुधा जाड, गाठाळ व बाहेर उलटलेली असते. वळ्या कडेपर्यंत न पोचता आधीच बोथट होतात किंवा एकमेकींत मिसळतात.

प्रश्नकर्ता
आज विजेरी धरून पाहिले. वळ्या कडेपर्यंत स्पष्ट येतात. मात्र जठराच्या वरच्या घुमटाकडे अस्तर जवळजवळ नाहीच. हा दुसरा आजार समजावा का?

प्रतिसाद २
नमुना शवविच्छेदनातला असेल, तर ते मृत्यूनंतरचे आत्मपचन (जठराच्या पाचकरसानेच जठर विरघळणे) असण्याची शक्यता अधिक. धडधाकट असताना एकाएकी मेलेल्या माणसांच्या जठरात हे दिसते, असे ब्रिटिश शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी १७७२ मध्येच लिहून ठेवले आहे. ऊती फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवण्याच्या द्रवात) जायला उशीर झाला की हे अस्तर फार लवकर विरघळते. तेव्हा त्या जागेवरून दाहाचे निदान करू नये; लालीही शोधू नये, कारण साध्या फॉर्मॅलिनमध्ये सगळेच राखाडी होते.

प्रतिसाद ३
कडेचा नियम चांगला आहे, पण तो फसवतोही: काही कर्करोग हुबेहूब साध्या व्रणासारखे दिसतात. बरणीवर किंवा झाकणावर क्रमांक कोरलेला असेल, तर आधी जुनी नोंदवही काढा. नोंद मिळाली नाही, तर विभागप्रमुखांच्या परवानगीने कडेचे, एकच नव्हे तर चार-सहा ठिकाणचे, तुकडे घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत. वर्षानुवर्षे फॉर्मॅलिनमध्ये राहिलेल्या ऊतीतही पेशींची रचना बहुधा वाचता येते.