सिंगापूरचा शेवटचा दिवस: अकरा ठिकाणं की एक टेबल?

भटकभवानी
परवा इथेच एकांनी सल्ला दिलाय, 'सिंगापूरचा शेवटचा दिवस वाया घालवू नका, चौदा तासांत अकरा ठिकाणं'. सकाळी सातला मर्लायनचा पुतळा, रात्री पावणेनऊला गार्डन्स बाय द बेचा लाइट शो, मग बॅगा उचलून चांगी विमानतळ. जेवणाला पंचवीस मिनिटं दिलीत, तीही 'जवळ ठेपले असतील तर वाचतील' अशी टीप जोडून. डोकंच उठलं, म्हणून हे लांबण.

आमचा शेवटचा दिवस सांगते. हॉस्टेलची रूममेट तिथे बारा वर्षं आहे. नऊ वाजता तिच्या बिल्डिंगखालच्या कॉफीशॉपात बसलो. काया टोस्ट, म्हणजे नारळ-अंड्याचा गोड जॅम लावलेला, सोबत अर्धकच्ची अंडी, वर सोया आणि पांढरी मिरी. आधी नाक मुरडलं, मग दुसरी प्लेट मागवली. कोपी म्हणजे कंडेन्स्ड दुधाची कॉफी, कोपी-ओ बिनदुधाची, कोपी-सी इव्हॅपोरेटेड दुधाची, कोसोंग म्हणजे बिनसाखरेची, हे सगळं तिने पाठ करून घेतलं आणि मी एकटी काउंटरवर जाऊन 'कोपी-सी कोसोंग' मागितली. अंकलने मान वर न करता कप सरकवला. पाच दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मला टुरिस्ट धरलं नाही!

मग टेक्का, लिटल इंडियातला बाजार. एकीकडे मासळीबाजार, एकीकडे खाणं. एका टेबलावर साडेतीन तास. तिच्या घटस्फोटाचं जे दोन वर्षांत फोनवर कळलं नव्हतं, ते नारळाच्या दुधातल्या चेंडोलचा बर्फ वितळेपर्यंत कळलं. मर्लायन हुकला. साडेआठ मीटरचा सिंहमासा पाणी ओकतो, ते फोटोतही दिसतं.

युनेस्कोने २०२० साली तिथल्या हॉकर संस्कृतीला, म्हणजे अशा खाण्याच्या स्टॉलांना, वारशाच्या यादीत घेतलं, ते काय ठेपले खाणाऱ्यांसाठी?

निवृत्त_नाना
छान. आता आमचं ऐका. एकतीस वर्षं नोकरी केली, मग मी आणि सौ. पहिल्यांदा परदेशी गेलो. परत जाणं होणार नाही. सिंगापुरात आमचं कोणी नाही. तुम्ही 'रूममेट बारा वर्षं तिथे आहे' असं एका ओळीत लिहून जाता, ती ओळ आमच्याकडे नाही. आम्ही टेबलावर साडेतीन तास कोणाशी बोलायचं? घरी बोलतोच की एकमेकांशी. किंवा बोलत नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही एस्प्लनेड पार्कात गेलो. नेताजींनी १९४५ साली तिथे आझाद हिंद सेनेच्या हुतात्म्यांचं स्मारक उभारलं होतं. इंग्रज परत आले आणि त्यांनी ते पाडून टाकलं. आता १९९५ साली बसवलेली खूण आहे. आजूबाजूला लोक व्यायाम करत होते. सौ.ने चपला काढल्या. दहा मिनिटं उभे होतो. माझे वडील नेताजींचं नाव निघालं की हातातलं काम थांबवायचे.

हे तुमच्या कोपीत मिळालं असतं का? आणि ते अकरा ठिकाणंवाले तरी काय, त्यांच्या यादीतही हे नाही. सेल्फीला जागा आहे, ज्या शहरात १९४३ साली आझाद हिंद सरकार जाहीर झालं तिथे त्याला जागा नाही. याला काय म्हणावं!

साबुदाणा
दोघांचंही चाललंय ते ठीक, पण शाकाहाऱ्यांनी त्या हॉकर सेंटरमध्ये नक्की काय करायचं? तुम्ही खा, आम्ही बघतो? आमच्या 'मित्रांसोबतच्या शेवटच्या दिवशी' मी दोन तास उसाचा रस प्यायले. 'अगं, यात फक्त थोडं लार्ड असतं' हे वाक्य मला एका कोकणस्थ मित्राने ऐकवलं. थोडं! डुकराची चरबी!

भटकभवानी
@साबुदाणा, टेक्कात डोसे, अप्पम, प्राटा सगळं आहे. चिनी बौद्धांचे शाकाहारी स्टॉलही असतात, त्यात कांदा-लसूणसुद्धा नसतो. तुमचा मित्र आळशी.

साबुदाणा
खाल्लंय तेही. त्यांनी मला शाकाहारी बदक दिलं. पिठाचं बदक, वर कातडीसारखा पदर. घास घशाखाली उतरेना. मी ठेपल्यांच्या बाजूने आहे आणि राहणार.

बिशानकर
मी सिंगापुरात राहतो. गेले दोन दिवस नुसतं वाचत होतो, पण आता बोलतोच. भटकभवानीताई, तुमच्या गोष्टीतली ती रूममेट म्हणजे मी, असं धरून चाला. ती टेक्कात साडेतीन तास बसली, तेव्हा वार कोणता होता? इथे कायद्याने पहिल्या वर्षी सात दिवस भरपगारी रजा मिळते, मग वर्षाला एकेक वाढत चौदापर्यंत. कंपन्या जास्त देतात, मान्य. पण त्यातूनच गणपती, त्यातूनच आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन.

गेल्या वर्षी माझ्या घरी पाच जणांचे 'शेवटचे दिवस' झाले. प्रत्येकाला तोच चिकन राइस, तेच लाक्सा नूडल्स, तेच 'इथे टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा राखीव', तेच हसू. प्रत्येक जण उठताना ट्रे तसाच टाकून जातो, २०२१पासून ट्रे परत ठेवणं सक्तीचं आहे, उचलतो मी. पाचव्या वेळी लाक्सासमोर बसून मला रडू यायचं बाकी होतं. आणि दुपारी तीन वाजले की खरेदीचा ठरलेला प्रश्न: 'मुस्तफा सेंटर इथून लांब आहे का रे?'

हिशेबी
एक मिनिट. मुस्तफाला नावं ठेवायची नाहीत. माझ्या मते शेवटचा दिवस मुस्तफाचाच, बाकी सगळं सोंग. ऑफिसातले सोळा, सोसायटीतले आठ, सासरचे मोजत नाही. कोणी रिकाम्या हाताने परत येऊन बघा. शंभर डॉलरच्या वर खरेदी झाली की विमानतळावर जीएसटीही परत मागता येतो, नऊ टक्के भरलेला असतो, थोडा कापून का होईना मिळतो. त्यात माझी टॅक्सी निघाली.

आणि बिशानकर, रजा मोजताय तर हेही मोजा. तुमच्यासारख्याच एका मित्राच्या आईने मला निघायच्या आदल्या रात्री साडेपाच किलोचं गाठोडं दिलं. भाजणी, मेतकूट, डिंकाचे लाडू, आणि 'त्याला आवडतं म्हणून' एक पोळपाट. पोळपाट! माझ्या बॅगेतून माझे बूट काढून ठेवावे लागले. बदल्यात काय, तर एक चिकन राइस.

बिशानकर
पोळपाट मागितला होता का त्याने?

हिशेबी
नाही. पण ठेवून घेतला.

चकलीचोर
पोळपाट तरी बरा. मी क्वालालंपूरला एकाची पितळी समई नेली आहे. कस्टम्सवाला ती उघडून आत बघत होता. तिकडे पोचल्यावर त्या गृहस्थांनी 'वात नाही आणलीस?' विचारलं.

साबुदाणा
गाठोडी नेणारे आम्ही, घेणारे तुम्ही, आणि वर रजेचा हिशेब! बिशानकर, एवढा जीव जातो तर 'नाही जमणार' म्हणायला शिका. पाहुण्याला हसून भेटायचं आणि इथे येऊन उट्टं काढायचं, हा कुठला न्याय?

बिशानकर
'नाही जमणार' म्हटलं की इकडे काय लिहून येतं ते ठाऊक आहे. 'परदेशात जाऊन माणसं बदलतात.' माझ्या सख्ख्या मावसभावाने म्हटलंय. त्याला मी रविवारी भेटतो म्हणालो होतो, तो शुक्रवारीच परतणार होता. दोन वर्षं बोलत नाही. तेव्हा न्याय मला शिकवू नका.

निवृत्त_नाना
पोळपाट, समई, मावसभाऊ. नेताजींबद्दल कोणी एक ओळ लिहिली नाही, याची नोंद घेतली आहे.

भटकभवानी
नाना, घ्या ओळ. मला ते स्मारक माहीत नव्हतं. शाळेत 'चलो दिल्ली' शिकवलं, ते कुठून निघाले होते ते नाही शिकवलं. टेक्कातून मेट्रोने फार तर पंधरा-वीस मिनिटं, तरी गेले नाही. पण चपला काढून उभं राहणं हे 'ठिकाण कव्हर करणं' नव्हे. तुम्हीही त्या दिवशी एकच गोष्ट केलीत आणि तिला वेळ दिलात. म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे आहात, फक्त तुम्हाला ते आवडणार नाही.

बिशानकर, वार मंगळवार होता. मी विचारलं नव्हतं. आत्ता तिला मेसेज टाकला, रजा काढली होतीस का? उत्तर: 'अर्धी. सकाळची आजारी म्हणून कळवली. आणि तू मेतकूट आणायला विसरली होतीस.'

हिशेबी
बघा. मेतकूट.

निवृत्त_नाना
मी कोणाच्या बाजूचा नाही. आम्ही त्या दिवशी आणखी चार ठिकाणं पाहिली आणि चारही उत्तम होती. बोटॅनिकल गार्डनला तर तिकीटही नाही. काया टोस्ट चांगीवर खाल्ला. गोड होता. सौ.ला आवडला, मला विशेष नाही.

बिशानकर
नाना, खरं सांगतो, तुम्ही इथे आधी दोन ओळी टाकल्या असत्या तर मी आलो असतो स्मारकापाशी. माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटं आहे आणि मी कधी थांबलेलो नाही. वहिनींना नीट कोपी पाजली असती.

निवृत्त_नाना
मंगळवार होता.