नाईलकाठ पिकत राहिला, सुमेर खारावला: कारण मातीत की पाणी देण्यात?

प्रश्न
इजिप्त आणि दक्षिण मेसोपोटेमिया (आजच्या इराकचा दक्षिण भाग, म्हणजेच प्राचीन सुमेर) या दोन्ही प्रदेशांत पाऊस नाममात्रच. कैरोला तर वर्षाला जेमतेम २५ मिलिमीटर पडतो. शेती दोन्हीकडे सर्वस्वी नदीवर होती. तरीही सुमेरच्या जमिनी चोपण, म्हणजे क्षार साठून नापीक झाल्या आणि नाईलकाठची शेते हजारो वर्षे पिकत राहिली. हा फरक मातीचा मानावा, की पाणी देण्याच्या पद्धतीचा?

प्रतिसाद १
पद्धतीचा, आणि त्याहूनही पुराच्या वेळेचा. इथिओपियाच्या डोंगरांतले पावसाचे पाणी अस्वानला सप्टेंबरच्या सुमारास सर्वांत वर चढे, म्हणजे उन्हाने जमीन भेगाळलेली आणि भूजल खोल गेलेले असताना. बांध घालून आखलेल्या विस्तीर्ण खाचरांत हे पाणी सुमारे ४० ते ६० दिवस कोंडून ठेवत. मग ते खालच्या खाचरात किंवा परत नदीत सोडले की क्षार धुऊन निघत, ताजा गाळ मागे राही, आणि वाफसा येताच गहू, जव, जवस पेरत. पुढे मुख्यतः त्या ओलीवरच पीक हाती येई.

युफ्रेटिस आणि टायग्रिस यांना पूर येई तो डोंगरांतले बर्फ वितळल्यावर, एप्रिल-मेमध्ये, ऐन कापणीच्या तोंडावर. पेरणीच्या वेळी नद्या आटलेल्या असल्याने पाटाने पाणी आणावे लागे, आणि सपाट प्रदेशात त्याचा निचरा होत नसे, म्हणून क्षार मातीतच साठत.

प्रतिसाद २
बहुतांशी मान्य, मात्र सुमेरच्या ऱ्हासाचे सारे खापर क्षारांवर फोडणे घाईचे ठरेल. याकबसन आणि ॲडम्स या अभ्यासकांनी १९५८ मध्ये गहू मागे पडून क्षार अधिक सोसणारे जव वाढल्याचा जो पुरावा मांडला, त्याच्या वाचनावर पॉवेल या अभ्यासकांनी १९८५ मध्ये गंभीर आक्षेप घेतले. शिवाय तिथला शेतकरी वर्षाआड रान पडीक ठेवी. त्यात माजणाऱ्या अगुलसारख्या खोल मुळांच्या झुडपांनी खालची ओल शोषली जाऊन भूजल उतरे. जादा पिकाच्या हव्यासाने ही विश्रांती मोडली की जमीन बिघडे.

प्रतिसाद ३
नाईलच्या मातीत काही खास गुण नव्हता, हे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांनी दाखवलेच. इजिप्तचा शासक मुहम्मद अली याच्या काळात उन्हाळी कापसासाठी खोल कालवे खणले गेले, १९०२ मध्ये अस्वानचे पहिले धरण झाले आणि बारमाही सिंचन पसरत गेले. भूजल वर आले आणि डेल्टात, म्हणजे नदीच्या मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशात, क्षार फुटू लागले. १९७० च्या अस्वानच्या उंच धरणानंतर तर पूर उरलाच नाही, तेव्हा पूर्वी तो फुकटात करत असलेल्या कामासाठी लाखो एकरांत जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या टाकाव्या लागल्या.