नववीतल्या मुलाने बीअर घेतली. याकडे किती गांभीर्याने पाहावे?

प्रश्न (एक आई, मनीषनगर, नागपूर) :
धुळवडीच्या दिवशी माझ्या मुलाने मित्राच्या गच्चीवर बीअर घेतल्याचे त्या मित्राच्या आईकडून समजले. त्याने नाकारले नाही. "सगळेच घेतात" एवढेच म्हणाला. घरी शनिवारी त्याचे बाबा सावजी मटणासोबत दोन पेग घेतात आणि फ्रीजमधला बर्फ काढून देण्याचे काम त्याच्याकडेच असते. वयाचा परिणाम समजून हे सोडून द्यावे का? पुढे व्यसन लागण्याचा धोका कशामुळे वाढतो?

उत्तर १ (शालेय समुपदेशक) :
ताई, सोडून देऊ नका आणि मारझोडही करू नका. "सगळेच घेतात" हे खरे नाही, हे त्याला आकड्यानिशी सांगा : एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १० ते १७ वयोगटात मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण १.३ टक्के आढळले होते. सगळे पितात असा समज झालेली मुले लवकर हात पुढे करतात. मोहाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणूनच पंधराच्या आत सुरुवात करणाऱ्यांमध्ये पुढे व्यसनाधीनता बरीच जास्त दिसते. रक्ताच्या नात्यात कोणाला व्यसन असेल, मूल उतावळे किंवा सतत उदास असेल, शाळेतून त्याचे मन उडाले असेल, तर धोका आणखी वाढतो. मात्र तुमच्या पत्रातली मला सर्वाधिक खटकलेली गोष्ट बर्फाची आहे. संगतीला दोष देण्याआधी मुलाकडचे ते काम आजच बंद करा.

उत्तर २ (निवृत्त शिक्षिका, महाल) :
घराबद्दलचे म्हणणे मान्य आहे, पण बाटली गच्चीवर आणली कोणी, हेही विचारायला हवे. आपल्या राज्यात बीअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. शिवाय २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला मद्य देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. बहुतेक वेळा आणणारा कोणी मोठा भाऊ नाहीतर शेजारचा दादा निघतो, आणि त्याला आपण काही गुन्हा केला असे वाटतही नाही. त्या सगळ्या मुलांच्या पालकांनी एकत्र बसून एकच नियम ठरवावा, नाहीतर एका घरची मोकळीक बाकीच्यांना नडते.

प्रश्नकर्ती :
यजमानांशी बोलले. आधी चिडले, पण शनिवारची बैठक तूर्त थांबवायला तयार झाले. मुलगा मात्र ट्यूशनहून आला की खोलीचे दार लावून घेतो, रात्री उशिरापर्यंत जागा असतो.

उत्तर १ (शालेय समुपदेशक) :
मग बीअरपेक्षा या एकटेपणाची चौकशी आधी करा. दोन आठवडे असेच चालले तर मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार विभागात दाखवा. तोवर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येईल. जाताना यजमानांनाही सोबत न्या.