बाळंतिणींचं सरसकट मानसिक स्क्रीनिंग: उपयोगाचं, की आणखी एक कागद?

मोजपट्टी (धागाकर्ता)

प्रत्येक बाळंतिणीकडून नैराश्याची प्रश्नावली भरून घ्यावी, ही मागणी सध्या सगळीकडे ऐकू येते. माझा विरोध आहे, आणि कारण साधं हिशेबाचं आहे.

सर्वाधिक वापरात असलेली प्रश्नावली म्हणजे १९८७ सालची एडिनबरा स्केल, म्हणजेच ईपीडीएस. दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. समजा हजार बाळंतिणी आहेत आणि त्यातल्या शंभरजणींना खरोखर नैराश्य आहे. पुढच्या तपासणीला पाठवण्याची रेषा ११ गुणांवर ठेवली, तर २०२० साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या आकड्यांप्रमाणे शंभरातल्या ८१ सापडतात. पण उरलेल्या नऊशेतल्या १०८ सुद्धा रेषेच्या वर जातात. म्हणजे १८९ जणींना पुढच्या तपासणीला पाठवायचं आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणींना नैराश्य नसायचंच. रेषा १३ वर नेली तर खोटे इशारे ४५ वर येतात, पण ३४ आजारी बायका हातून सुटतात.

रेषा कुठेही ओढा, वर आलेल्या प्रत्येकीशी निवांत बोलून निदान करणारं माणूस लागतं. ते नसताना अर्ज भरून घेणं म्हणजे बाईला ‘तुमच्यात काहीतरी बिघडलंय’ असं सांगून दार लावून घेणं. कॅनडाच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलाने २०२२ मध्ये प्रश्नावली आणि गुणांची रेषा वापरून सरसकट स्क्रीनिंग करू नये असंच सुचवलं, आणि ब्रिटनची राष्ट्रीय स्क्रीनिंग समितीही त्याची शिफारस करत नाही. आधी माणसं नेमा, मग कागद छापा.

सातवा_महिना

हिशेब बरोबर आहे, त्यातून काढलेला अर्थ पटत नाही.

एक. खोटा इशारा म्हणजे इथे काय होतं? कोणाच्या शरीरात सुई जात नाही. एक जास्तीचं संभाषण होतं. त्या १०८ जणींमध्ये चिंताविकार असलेल्या असतात, घरात मारहाण सोसणाऱ्या असतात, आठवडाभर सलग तीन तासही न झोपलेल्या असतात. नैराश्याचं निदान बसलं नाही म्हणून त्यांना मदत नको असं कसं म्हणता?

दोन. कॅनडाच्या शिफारशीमागे हाँगकाँगमधली एकच यादृच्छिक चाचणी (बायकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी करून केलेली) होती. तिच्यात सहा महिन्यांनी स्क्रीनिंग झालेल्या बायकांची स्थिती बरी दिसली होती. कृतिदलाला तो पुरावा फार कच्चा वाटला, एवढंच. ‘उपयोग नाही हे सिद्ध झालं’ आणि ‘पुरावा अपुरा आहे’ यात फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी, २०२२ मध्ये, प्रमाणित प्रश्नावलीने स्क्रीनिंग करा असं सांगितलं. पुढे निदान आणि उपचाराची सोय असावी, ही अट मात्र घातली.

तीन. तज्ज्ञ नाहीत ही सबब जुनी झाली. ‘थिंकिंग हेल्दी’ या समुपदेशन कार्यक्रमाचा अभ्यास २००८ साली पाकिस्तानच्या ग्रामीण भागात झाला. मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांनी घरी जाऊन १६ सत्रं घेतली: गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला एक अशी चार, बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यात तीन, मग महिन्याला एक अशी नऊ. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा ही सत्रं मिळालेल्यांत नैराश्य २३ टक्के, न मिळालेल्यांत ५३ टक्के. आरोग्यसेविका आहेतच, त्यांना पुस्तिका, प्रशिक्षण आणि दरमहा देखरेखीला कोणीतरी वरिष्ठ द्या.

मोजपट्टी

@सातवा_महिना, त्या अभ्यासात बायका निवडल्या कशा? गुणांच्या रेषेने नव्हे. प्रशिक्षित डॉक्टरांनी निदानाच्या मुलाखती घेऊन. म्हणजे उपचाराचा पुरावा भक्कम आहे हे मान्य, पण तो स्क्रीनिंगच्या खात्यावर जमा करता येत नाही. आणि ‘आरोग्यसेविका आहेतच’ हे वाक्य प्रत्येक नव्या योजनेत येतं. लसीकरण त्यांच्याकडे, वजन-उंची त्यांच्याकडे, आता १६ सत्रंही त्यांच्याकडेच. आधी त्यांच्या डोक्यावरून काय काढणार ते सांगा.

रात्रपाळी

दोघेही प्रश्नावली नीट भरली जाते असं गृहीत धरून भांडताय. प्रत्यक्षात ती कशी बिघडते ते बघा.

बाईच्या शेजारी नवरा किंवा सासू बसलेली असते आणि नर्स मोठ्याने प्रश्न वाचते. उत्तरं शून्यच येणार. निरक्षर बाईला वाचून दाखवायचं असेल तर खोलीत दुसरं कोणी नको, आणि तिला नुसतं पर्यायाच्या आकड्यावर बोट ठेवता आलं पाहिजे.

दुसरं, गुण उलटे मोजले जातात. १, २ आणि ४ या प्रश्नांत पहिल्या पर्यायाला ०. बाकी सातही प्रश्नांत पहिल्या पर्यायाला ३. घाईत सगळे एकाच दिशेने मोजले की ठणठणीत बाई आजारी ठरते आणि आजारी बाई निसटते. यावर उपाय म्हणजे गुण छापलेली पारदर्शक पट्टी अर्जावर ठेवणे. प्रशिक्षणातल्या भाषणापेक्षा ती जास्त कामाची.

तिसरं, वेळ. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास निम्म्याहून अधिक बाळंतिणींना रडू येतं, मन हळवं होतं, आणि साधारण दोन आठवड्यांत ते आपोआप ओसरतं. डिस्चार्जच्या दिवशी प्रश्नावली भरून घेतली की हेच सगळं मोजलं जातं. प्रश्न ‘गेल्या सात दिवसां’बद्दल आहेत, हे विसरूनच जातात.

चौथं, आणि यात जीव जाऊ शकतो. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. बेरीज ७ आली म्हणून अर्ज फाइलला लागतो, आणि त्या ७ मध्ये दहाव्या प्रश्नाचे २ आहेत हे कोणी पाहत नाही. बेरीज काहीही असो, दहाव्यात शून्याशिवाय काही आलं की ती बाई तिथून घरी जायच्या आत विचारायचं: विचार किती वेळा येतो, कसं करायचं ते ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, आधी प्रयत्न केला होता का. एकटीला सोडायचं नाही. नर्सने कोणाला फोन करायचा ते नाव आणि नंबर त्याच अर्जावर छापलेलं हवं.

उंबरठा

ईपीडीएस ज्या आजाराला पकडतच नाही त्याबद्दल कोणी बोललं नाही: प्रसूतीनंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं. हजार बाळंतपणांत एक-दोन. बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो, म्हणजे सहाव्या आठवड्याच्या प्रश्नावलीच्या कितीतरी आधी. बाई दोन रात्री झोपलेली नसते आणि तिला झोपेची गरजही वाटत नाही, सुसाट बोलते, बाळ बदललंय असा संशय घेते, तासाभरात गोंधळलेली आणि तासाभरात अगदी शहाणी. घरचे म्हणतात, थकलीय. ही त्याच दिवशी दवाखान्यात नेण्याची वेळ आहे, बाळासोबत तिला एकटं ठेवायचं नाही.

याला प्रश्नावली नको, गरोदरपणातच तीन प्रश्न हवेत: बायपोलर आजाराचं (कधी उदासी, कधी उन्माद) निदान झालंय का, आधीच्या बाळंतपणात असं झालं होतं का, आईला किंवा बहिणीला झालं होतं का. बायपोलर असेल तर पाचातली एक, आधी सायकोसिस झाला असेल तर जवळपास निम्म्या धोक्यात. अशा बाईला ‘गुण जास्त आले’ म्हणून नुसती नैराश्याची गोळी सुरू केली तर ती उन्मादात जाऊ शकते. सरसकट अर्जाच्या नादात हे घडतं.

याच्या उलट चूकही होते. बाळाला आपल्या हातून काही होईल असे नकोसे विचार वारंवार येणं, त्याने हादरून जाणं, सुरी लपवून ठेवणं, हा बहुधा ओसीडीचा (नकोसे विचार पुन्हा पुन्हा येण्याच्या आजाराचा) प्रकार असतो. ती आई त्या विचारांना भिते, त्यांवर विश्वास ठेवत नाही. तिला सायकोसिसचा शिक्का मारून बाळ काढून घेतलं की पुन्हा ती कोणाला काही सांगणार नाही.

धाकटी_पाती

बाप कुठे आहेत या चर्चेत? दहातला एक बाप नैराश्यात जातो, आणि बायको आजारी असेल तर त्याची शक्यता वाढते. त्यांच्यात ते रडण्यापेक्षा चिडचिड, दारू, कामावरून उशिरा येणं असं दिसतं. घरीच करण्यासारखं एकच सांगते: रात्रीचं एक पाजणं दुसऱ्याने घ्यावं, काढून ठेवलेलं दूध चालतं, आणि आईला सलग चार-पाच तास झोप मिळावी. हे अर्धं औषध आहे.

उंबरठा

@धाकटी_पाती, अर्धं औषध नाही. चांगली सोय आहे. मध्यम ते तीव्र नैराश्यात झोपेने भागत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला सर्ट्रालिन (नैराश्याची गोळी) देता येतं, दुधात फार कमी उतरतं. गरोदर राहिल्याचं कळताच चालू गोळ्या स्वतःहून एकदम बंद करणं हेच पुन्हा आजारी पडण्याचं मोठं कारण असतं. व्हॅल्प्रोएट (बायपोलर आणि फिट्सवरची गोळी) मात्र मूल होण्याच्या वयात टाळायचं, गर्भाला व्यंग होण्याचा धोका मोठा आहे. आणि गोळी लिहिण्याआधी हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघा. थायरॉइडची सूज बाळंतपणानंतर काही महिन्यांनी हाच थकवा, हीच उदासी घेऊन येते.

सातवा_महिना

@मोजपट्टी, काय काढणार? दुहेरी नोंदी काढा. आणि स्क्रीनिंगची वेगळी फेरी नको. बाळाच्या लसीच्या वेळेलाच आईची प्रश्नावली.

रात्रपाळी

लसीला जोडलं की ज्यांचं बाळ गेलं त्या आया यादीतून आपोआप गळतात, आणि ज्यांचं बाळ अजून अतिदक्षता विभागात आहे त्याही. सर्वाधिक धोका ज्यांना, त्यांनाच कोणी विचारत नाही. बाळ गेल्यावरही दोन-चार दिवसांत दूध येतं, हे आईला आधी सांगितलेलंही नसतं. दूध थांबवायला पहिल्या दिवसात कॅबरगोलिन १ मिलिग्रॅम एकदाच देतात, पण रक्तदाब वाढलेला असेल किंवा पूर्वी सायकोसिस झाला असेल तर नाही. यादी बाळाच्या नावाने नको, आईच्या नावाने ठेवा.

मोजपट्टी

आईच्या नावाची यादी, दहाव्या प्रश्नाखाली छापलेला नंबर, गरोदरपणातले तीन प्रश्न: हे तिन्ही आजपासून करा, माझी हरकत नाही. यातलं एकही सरसकट स्क्रीनिंग नाही. तो छापलेला नंबर रविवारी रात्री कोण उचलणार, हे कोणीच सांगितलेलं नाही.

सातवा_महिना

जो कोणी रविवारी रात्री रक्तस्रावाचा फोन उचलतो तोच. त्याला इजेच्या विचाराबद्दलचे ते चार प्रश्न विचारायला शिकवायला एक दुपार लागते. तज्ज्ञ सोमवारी.

उंबरठा

सायकोसिस असेल तर सोमवार नाही.