एक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर अडखळते: नेमके निदान कसे करावे?

दुसरागिअर:
माझी गाडी पेट्रोलवर चालणारी, मॅन्युअल गिअरची आणि पुढच्या चाकांना जोर देणारी असून तिचे ९०,००० किलोमीटर पूर्ण झाले आहेत. गेल्या महिनाभरापासून दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये, साधारण १,५०० ते २,५०० आरपीएमच्या दरम्यान एक्सिलरेटर दाबला की गाडी सेकंदभर दम खाते, आणि मग काही घडलेच नाही अशा थाटात पुढे निघते. आयडलिंग स्थिर आहे आणि एकसारख्या वेगात चालवताना काहीही तक्रार नाही. चेक इंजिनचा दिवा एकदा लागला आणि काही दिवसांनी आपोआप विझला. गॅरेजमध्ये स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर बदलून झाले, थ्रॉटल बॉडीही साफ करून झाली, फरक शून्य. आता इग्निशन कॉइल आणि फ्युएल पंप बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. एकामागून एक पार्ट बदलत जाण्याआधी दोष कुठे आहे हे तपासण्याचा काही मार्ग आहे का?

लीनमिश्रण:
मार्ग आहे, आणि त्यासाठी अजून काहीही बदलण्याची गरज नाही. एक्सिलरेटर दाबताच थ्रॉटलची झडप उघडते आणि इंजिनात हवा एकदम वाढते. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा हे नेहमीचे प्रमाण असते, परंतु वेग वाढवण्याच्या त्या क्षणी इंजिनाला याहून थोडे जास्तच पेट्रोल लागते. आत आलेली हवा इंजिनाच्या संगणकाला मोजता आली नाही किंवा मागितलेले पेट्रोल पोहोचले नाही, तर मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि गाडी तुम्ही वर्णन केले आहे तशी दम खाते.

दिवा विझला तरी दोषाचा कोड बहुधा मेमरीत शिल्लक असेल, म्हणून ओबीडी स्कॅनर (संगणकातले कोड आणि आकडे दाखवणारे उपकरण) लावून तो आधी वाचा. पुसू मात्र नका. त्यानंतर फ्युएल ट्रिमचे, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो (+) किंवा घटवतो (-) याचे, आकडे तीन वेळा नोंदवा: आयडलवर, उभ्या गाडीत २,५०० आरपीएमवर, आणि रस्त्यावर एक्सिलरेटर अर्ध्यापर्यंत दाबून. शेवटचे वाचन शेजारी बसलेल्या व्यक्तीने करावे. एक्सिलरेटर पूर्ण दाबू नका, कारण तेव्हा बहुतेक गाड्यांचा संगणक एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडे लक्ष देणे थांबवतो आणि ट्रिमच्या आकड्यांना अर्थ उरत नाही. ट्रिम आयडलवर जास्त असून आरपीएम वाढल्यावर उतरत असेल, तर थ्रॉटलच्या पुढे, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डच्या बाजूला, हवा शिरत असण्याची शक्यता मोठी. उलट आयडलवर ठीक आणि जोर पडल्यावर जास्त असेल, तर पेट्रोलचा पुरवठा किंवा हवा मोजणारा सेन्सर तपासावा लागेल.

जुनास्पॅनर:
कॉइलबद्दल थोडे लिहितो, कारण हल्ली गाडी अडखळली की पहिले बोट कॉइलकडेच दाखवले जाते. जोर पडल्यावर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी उडण्यासाठी जास्त व्होल्टेज लागते, म्हणून दुबळी कॉइल आयडलवर निमूट चालते आणि चढावर उघडी पडते, हे खरे आहे. पण मिसफायर होते, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण नीट पेटत नाही, तेव्हा गाडी बारीक बारीक झटके देत राहते. सेकंदभर दम खाऊन पुन्हा सुरळीत होणे हे मिसफायरचे लक्षण सहसा नसते. शंका असेल तर दोन सिलिंडरच्या कॉइल आपापसात बदलून पाहा. पी ०३०२ (दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर) हा कोड पी ०३०३ (तिसऱ्याचा) झाला, तर कॉइल दोषी. तसा कोडच आलेला नसेल, तर सध्या तिला हात लावू नका.

फ्युएल पंप दुबळा असला, तर तो आधी जास्त वेगात आणि चढावर, म्हणजे पेट्रोल सतत जास्त लागते तिथे दगा देतो. तरीही नुसत्या अंदाजावर पंप बदलण्यापेक्षा गेज लावून प्रेशर मोजून घ्यावे. पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे सिलिंडरबाहेर इनटेकमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या, बहुतेक इंजिनांत ते ३ ते ४ बारच्या आसपास असते. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. डायरेक्ट इंजेक्शनच्या (थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत हाय-प्रेशर लाइन स्वतः उघडू नये.

दुसरागिअर:
कोड मिळाला: पी ०१७१, म्हणजे मिश्रण पातळ. मिसफायरचा एकही कोड नाही. आयडलवर ट्रिम +३ टक्के, उभ्या गाडीत २,५०० आरपीएमवर +४ टक्के, आणि रस्त्यावर अर्धा एक्सिलरेटर दाबताच +२२ टक्के. इंधनाचे प्रेशर गॅरेजमध्ये मोजून घेतले. जोर पडल्यावरही ते ठरलेल्या मर्यादेत राहिले.

लीनमिश्रण:
उभ्या गाडीत २,५०० आरपीएमवर काही नाही आणि रस्त्यावर जोर पडताच २२, हा फरक महत्त्वाचा आहे. तुमच्या गाडीत आत येणारी हवा थेट मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर आहे की केवळ मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर, हे पाहा. एअर फिल्टरच्या डब्याला लागून, इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळाच्या सुरुवातीला वायरिंगचा प्लग असलेला सेन्सर असेल, तर तो बहुधा मास एअरफ्लो. असल्यास एक बिनखर्चाची चाचणी करा: मोकळ्या, सपाट जागेत, मागे कोणी नाही याची खात्री करून, गाडी रिव्हर्समध्ये घेऊन एक्सिलरेटर थोडा जोरात दाबा आणि तसाच तो पहिल्या गिअरमध्येही दाबून पाहा.

दुसरागिअर:
सेन्सर डब्याजवळच आहे. आश्चर्य म्हणजे रिव्हर्समध्ये गाडी अजिबात अडखळत नाही. पहिल्या गिअरमध्ये मात्र अडखळते!

लीनमिश्रण:
मग सेन्सर आणि थ्रॉटल यांना जोडणारा वळ्यावळ्यांचा रबरी नळ काढून, हातात वाकवून पाहा. आडव्या बसवलेल्या इंजिनाला पुढे जाताना जोर पडला की ते मागे कलते आणि रिव्हर्समध्ये पुढे कलते. नळाच्या वळीत भेग असेल, तर एका दिशेला ती फाकते आणि दुसऱ्या दिशेला मिटते. फाकली की न मोजलेली हवा आत जाते. नळ जागेवर असताना वरून पाहिले, तर भेग दिसतही नाही.

दुसरागिअर:
नळ काढला. खालच्या बाजूच्या तिसऱ्या वळीत जवळजवळ अर्ध्या घेरापर्यंत भेग होती. वरून दोनदा पाहिला होता, तेव्हा नळ अगदी धडधाकट वाटला होता. नवीन नळ बसवला, दोन्ही क्लॅम्प घट्ट केले, कोड पुसला. आता अर्ध्या एक्सिलरेटरवर ट्रिम +२ ते +५ टक्के असून अडखळणे पूर्ण थांबले आहे. दोघांचेही मनापासून आभार.

जुनास्पॅनर:
अभिनंदन. एक काम मात्र राहिले आहे. रबर वयानुसार तडकतेच, पण इंजिन माउंट, म्हणजे इंजिनाला जागेवर धरून ठेवणारा आधार, सैल झाले असेल, तर इंजिन गरजेपेक्षा जास्त कलते आणि नवा नळही तिथेच फाटतो. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून आणि पायाचा ब्रेक पूर्ण दाबून, आधी पहिल्या गिअरमध्ये आणि मग रिव्हर्समध्ये क्लच किंचित, जेमतेम पकडेपर्यंत सोडा. दुसऱ्या व्यक्तीने गाडीच्या पुढे नव्हे, तर बाजूला उभे राहून इंजिनाकडे पाहावे. इंजिन थोडे हलणारच. पण ते उसळून ठक्क असा आवाज झाला, तर माउंट बदलून घ्या.