घरचा स्लायडिंग टेबल सॉ: फिरवायची सोय झाली, आवरायचा कसा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळ पाचगावात घरामागं शेड आहे, तिथं किचन ट्रॉल्या, वॉर्डरोब असलं प्लायचं काम करतो. आजवर मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून तो टेबलाखाली उलटा टांगलेला, बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवलेलं. चिरतो झकास, पण एक कट गुण्यात येईल तर शपथ, आणि बंद करायचा तर प्लग उपटावा लागतो. म्हणून १० इंची ब्लेडचा, डाव्या हाताला सरकतं टेबल असलेला सॉ घरीच करायला घेतलाय.

फ्रेम ५० बाय ५० च्या चौकोनी पाइपची, वेल्डिंग झालंय. टेबल भंगारातल्या एका जुन्या मशीनचं, बिडाचं. उद्यमनगरात प्लेनरवर एक हात मारून घेतला, आता वर पट्टी उभी धरली तर खालून उजेड दिसत नाही. सरकत्या बाजूला २० मिमीच्या, खालून पूर्ण आधार असलेल्या लिनिअर रेल, दीड मीटरच्या. आठ बाय चारचा अख्खा शीट यावर चढवायचा नाही. १८ मिमीचा एक शीट तीस किलोच्या वर जातो, तो आधी हँड सॉनं फोडून घेणार. मोटर २ एचपी सिंगल फेज, २८८० आरपीएम. मोटरला ५ इंची पुली, शाफ्टला साडेतीन इंची, म्हणजे ब्लेड ४१०० च्या आसपास फिरेल. शाफ्ट ३० मिमीचा, यूसीपी २०६ बेअरिंगवर (बोल्टनं फ्रेमला बसणारं तयार बेअरिंग).

रेलची ओळ ब्लेडशी समांतर करायची तर डायल गेज सरकत्या टेबलावर बांधून, ब्लेडच्या एकाच दातावर खूण करून, तोच दात पुढं आणि मागं नेऊन मोजायचं असं वाचलंय. तेवढं जमेल. अडलंय ते पुढं.

टर्नर विचारतोय, ब्लेडच्या नटाला आटे सरळ पाडू की उलटे? मोटर उजवीकडं, ब्लेड शाफ्टच्या डाव्या टोकाला. मग ब्लेडच्या मागची ती उभी पट्टी, रायव्हिंग नाईफ. वडील म्हणतात ती नुसती अडचण, आम्ही कधी लावली नाही. मी बघितलेल्या एका सॉला ती टेबलालाच ठोकलेली होती. माझं ब्लेड वरखाली होणार, मग ही धरायची कशाला?

लाइटचं तर विचारूच नका. पावसाळ्यात दिवसातनं चारदा जाते. ब्लेड प्लायमध्ये असताना गेली आणि मी तुकडा सोडवताना आली तर? बंद केल्यावर ब्लेड बराच वेळ घुमत राहतं, त्याला ब्रेक बसवावा का, हेही सांगा. आणि मदतीला चुलतभाऊ असतो, तो हातमोजे घातल्याशिवाय प्लायला हात लावत नाही. चालेल ना?

"तयार मशीन घे" म्हणणाऱ्यांना आधीच नमस्कार. बजेट नाही.

प्रतिसाद (उद्यमनगर, मशीन शॉप)

भावा, उलटे पाड. ध्यानात ठेवायची खूण सोपी आहे: ब्लेड ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला नट फिरवला की तो ढिला व्हायला पाहिजे. वरचे दात तुझ्याकडं येणार. डाव्या टोकाकडून बघितलं तर ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतंय. त्या दिशेला सुटणारा नट म्हणजे उलटे आटे. मोटर सुरू होताना शाफ्ट झटक्यानं पळतो, नट मागं रेंगाळतो आणि आपोआप आवळला जातो. सरळ आटे पाडलेस तर दर स्टार्टला एक चिमूट सुटत जाईल.

ब्रेकचं उत्तर यातच आहे. शाफ्ट एकदम थांबवलास तर जड ब्लेड पुढं जायला बघतं आणि नट सोडवतं. बाहेरचा फ्लँज शाफ्टला पिननं किंवा चावीनं अडकवलेला असेल तरच ब्रेकचा विचार कर, तोही हळू थांबवणारा. फ्लँज, म्हणजे ब्लेडला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चकत्या, ८० मिमीचे, दोन्ही एकाच मापाचे, आतून थोडे पोकळ, म्हणजे फक्त कडेनं धरतात. ब्लेडच्या बैठकीला डायल लावलास तर काटा ०.०२ मिमीच्या वर हलू नये. आणि बीड ताजं ओतलेलं नाही हे बरं, नव्या ओतीव टेबलाला मशीन मारलं की नंतर ते हळूहळू वाकडं होतं.

प्रतिसाद

चिकटपट्टीवालं बटण वाचून धागा बंद करणार होतो. तो कटर आजच खाली उतरवा, नवीन मशीन होईपर्यंत थांबू नका.

प्रतिसाद (गोकुळ शिरगाव, फर्निचर कारखाना)

तुमच्या वडिलांचा मान राखून सांगतो, सगळ्या मशीनवर एकच गोष्ट ठेवायची म्हटलं तर मी ती पट्टीच ठेवीन.

ब्लेडचे पुढचे दात लाकूड खाली टेबलावर दाबतात. मागचे दात मात्र खालून वर येत असतात. तुकडा जरा तिरका झाला, किंवा चिरलेली फट मिटली, की मागचे दात तो उचलून तुमच्या पोटाकडं फेकतात. तुमच्या हिशेबानं दातांचा वेग सेकंदाला ५५ मीटर, म्हणजे ताशी जवळपास २०० किलोमीटर. आणि तुकडा ओढला जातो तेव्हा त्यावरचा हातही ब्लेडकडं जातो. बोटं अशीच जातात. पट्टी ती फट मिटू देत नाही आणि तुकडा मागच्या दातांवर जाऊ देत नाही.

पट्टी टेबलाला नाही, शाफ्टच्या ब्रॅकेटला धरा, म्हणजे ब्लेड वरखाली होईल तशी तीही होईल. दातांपासून अंतर ३ ते ८ मिमी. जाडी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि दाताच्या रुंदीपेक्षा कमी: दात ३ मिमी, पत्रा २.२ असेल तर पट्टी २.५ ची. वरचं टोक सगळ्यात वरच्या दाताच्या एक-दोन मिमी खाली.

सरकत्या टेबलाचा खास धोका वेगळाच. आडवा कट घेताना उजवीकडची फेन्स (ब्लेडला समांतर आडोशाची पट्टी) मापाला वापरायचा मोह होतो. कापलेला तुकडा मग ब्लेड आणि फेन्सच्या मध्ये अडकतो आणि सुटतो तो थेट मागं. फेन्सला ब्लेडच्या बराच अलीकडं एक ठोकळा क्लॅम्प करा, माप त्यावर घ्या, तुकडा ब्लेडपाशी पोचेपर्यंत मोकळा झाला पाहिजे.

हातमोजे अजिबात नाहीत. दातात दोरा अडकला तर बोट सोडवायला वेळ मिळत नाही. भावाला प्लाय उचलताना घालू दे, मोटर चालू करायच्या आधी काढू दे. शिवाय कापलेला तुकडा त्यानं पलीकडून ओढायचा नाही, नुसता खालून आधार द्यायचा. तुम्ही उभं राहायचं ब्लेडच्या रेषेच्या डावीकडं.

धागाकर्ता

उलटे आटे सांगून आलो, टर्नर म्हणाला "मला वाटलंच होतं". पट्टीचं वडिलांना वाचून दाखवलं. त्यांचा एकच प्रश्न: कपाटाच्या मागच्या ६ मिमी प्लायसाठी खाच मारताना कट आरपार नसतो, तेव्हा पट्टी आडवी येणार नाही का?

प्रतिसाद (गोकुळ शिरगाव)

म्हणूनच टोक दाताच्या खाली ठेवायचं. पट्टीवरच गार्ड (ब्लेडवरचं झाकण) बसवला तर खाचेला तो काढावा लागतो आणि परत कुणी लावत नाही, हा अनुभव आहे. गार्ड वरून आलेल्या वेगळ्या हातावर लटकवा आणि त्यालाच धूळ ओढायचा पाइप जोडा. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं पहिल्या गटात टाकलंय, तेव्हा मास्कही हवाच.

प्रतिसाद (वायरमन, कागल)

लाइटचं मी सांगतो. साधा स्विच नको, मोटरपंपाला असतो तसला कॉइलवाला डीओएल स्टार्टर लावा, सिंगल फेजचा. लाइट गेली की कॉइल सुटते आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय परत धरत नाही. पण रानातला जुना स्टार्टर काढून आणणार असाल तर त्याला ऑटो स्विच जोडलाय का बघा. पंपासाठी तो लाइट आली की स्वतःहून मोटर चालू करतो, तुम्हाला तर तेच नकोय. ओव्हरलोड रिले (मोटर जास्त करंट ओढायला लागली की बंद करणारा) नेमप्लेटवरच्या अँपिअरला लावा आणि हँड रिसेटवर ठेवा. लाल मशरूम बटण मांडीच्या उंचीवर बसवा, दोन्ही हात प्लायवर गुंतले असतील तेव्हा मांडीनं दाबता येतं. फ्रेमला अर्थिंग स्वतंत्र वायरनं द्या. आणि ब्लेड बदलताना नुसतं लाल बटण दाबून भागवू नका, प्लग काढून डोळ्यासमोर टेबलावर ठेवा.